विरोध उभ्याने

आमदाराकडे जेवायला निघण्याआधी ताईने दोन्ही गुडघ्यांवर पट्टे चढवले.

दाजी चपला घालता घालता थांबले. नवरा तिचा, पण सगळं घर त्यांना दाजी म्हणायचं आणि आताशा ताईच्याही मनात तेच नाव बसलं होतं.

"आज उभी राहणारेस वाटतं?"

"राहणारे."

"सूपच्या आधी की नंतर?"

"ते विधेयक कधी पुढे येतं त्यावर आहे. तुम्ही उभे राहाल ना माझ्याबरोबर?"

दाजींनी चपलेचा पट्टा घातला, सोडला, पुन्हा घातला. "माझी कंबर तुला माहीतच आहे," ते म्हणाले.

माहीत होती. कंबर कुठल्या विषयाला दुखते आणि कुठल्या विषयाला दुखत नाही, हेही तिला माहीत होतं.

त्या घरात विरोध उभ्यानेच करायचा, असा नियम होता. ताईचा मधला भाऊ पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याने कुणालाही न विचारता एक विधेयक मांडलं होतं. उन्हाळ्याची लांब सुट्टी मुलांना आळशी करते, तेव्हा ती वर्षभर सारखी वाटून द्यावी. विरोधकांनी हिशेब मांडला, तर रोज काही मिनिटांची सुट्टी निघाली. एकाने उठून विचारलं, "सन्माननीय सदस्यांनी एवढंच सांगावं, मुलं दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मधे आजोळी जाऊन परत कशी येणार?" सभागृह हसलं, वर्तमानपत्रं हसली, आमदाराचा स्वतःचा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन हसला. त्या रविवारी घरात सगळ्यांहून थोरल्या आत्याने जेवणाच्या टेबलाशी आपलं उंच स्टूल ओढलं, भाताचा डाव हातात घेतला आणि पातेल्याच्या झाकणावर आपटून सांगितलं, "यापुढे ढब्याचा प्रत्येक कायदा आधी या टेबलावर पास होईल. मोठ्याने वाचायचा. ज्याला पटत नाही त्याने उभं राहायचं, पटेपर्यंत बसायचं नाही. बसला की संमती."

ढब्या म्हणजे आमदार. त्याला या नावाने हाक मारणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं, म्हणून तो ती हाक निमूट ऐकून घ्यायचा.

नियम चांगला होता, फक्त तो गुडघ्यांवर चालत होता. कित्येक कायदे या घरात युक्तिवादाने नव्हे, संधिवाताने मंजूर झाले होते.

*

त्या दिवशी टेबलावर तीन विधेयकं होती आणि एक सूपचं भांडं.

पहिलं विधेयक असं की मूल नापास झालं तर आईबापांनी त्याच्याबरोबर त्याच वर्गात पुन्हा बसावं. धाकटा भाऊ लगेच उभा राहिला. त्याचा शाळेच्या बसचा धंदा होता. "आईबाप वर्गात बसले तर माझ्या बसमधे कोण बसणार? मुलांना तेच सोडतील की येता येता."

"ते परत संध्याकाळी बसनेच जातील," आमदार म्हणाला. "मोठ्यांचं पूर्ण तिकीट."

धाकटा बसला. डाव आपटला. मंजूर.

दुसरं विधेयक खिडक्यांचं. मुलं खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून सरकारी शाळांच्या सगळ्या खिडक्या मुलांच्या नजरेच्या वर उचलून बसवाव्यात. यावर दाजी उभे राहिले, आणि त्यांची कंबर अगदी ताठ होती. शाळांचे बाक बनवण्याचा त्यांचा कारखाना होता.

"विरोध नाही, सूचना आहे," ते म्हणाले. "एवढ्या उंच खिडक्यांखाली ते बुटके बाक बरे दिसणार नाहीत. खोलीला शोभा राहत नाही. खिडकी जेवढी वर गेली तेवढाच बाकही वर घ्यावा. शिडीसकट."

आमदाराने विचार केला. "सुंदर. घ्या लिहून."

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला आपली ताकद तिसऱ्यासाठी ठेवायची होती. डाव आपटला. वाफाळतं सूप वाटीत आलं.

मग आमदाराने घसा साफ केला, तिसरा कागद उचलला आणि ताईकडे न बघता वाचायला लागला. लहान सरकारी शाळा आसपासच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात. इमारती मोकळ्या कराव्यात. शिक्षकांना सोयीच्या जागी पाठवावं. रिवाजाप्रमाणे त्याने ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना तर सभागृहात करतो तसे हातवारेही केले.

"आणि सुरुवात घरापासून," तो म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीची शाळा वाचवली. कालच मुलाखतीत सांगून टाकलंय. पहिली शाळा ताईची. तिच्यापाठोपाठ बाकीच्या."

ताई उभी राहिली.

तिची शाळा बस डेपोच्या मागच्या गल्लीत होती. दोन खोल्या, एक नळ, आणि मुख्याध्यापिका, शिक्षिका, शिपाई या तिन्ही पदांवर ताई. डेपोत गाड्या धुणाऱ्यांची, टायर बदलणाऱ्यांची मुलं तिच्याकडे यायची. मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती. तिसरीतली एक मुलगी कडेवर तान्हा भाऊ घेऊन वर्गात यायची, पाढे म्हणता म्हणता त्याला थोपटायची. आई गाड्या धुवायला जाते तोवर त्याला सांभाळायचं आणि शाळाही करायची, हे त्या गल्लीतच जमत होतं. ताईला तिन्ही विधेयकांतलं एवढंच कळत होतं की हमरस्त्यापलीकडे ती मुलगी जाणार नाही. भाऊ कडेवर राहील आणि पाढे जातील.

"बस, ताई," धाकटा हळूच म्हणाला. "माझी गाडी येईल की मुलांना न्यायला. थेट दाराशी."

"कुणाच्या दाराशी? डेपोमागे दारं कुठेत, गोणपाटं आहेत. आणि तुझ्या गाडीत तान्ही मुलं घेतोस?"

"नियमात नाही बसत."

"माझ्या वर्गात बसतात."

"भावनेवर कायदे होत नाहीत, ताई," आमदार म्हणाला.

"मग कशावर होतात? मघाचा तर सूपच्या वासावर झाला."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्या आमदाराच्या बायको, दातांच्या डॉक्टर. मागच्या महिन्यात शाळेच्या आवारातल्या साखरबंदीचं विधेयक घरात आधी लागू करून पाहिलं गेलं, तेव्हापासून त्या नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. त्यांनी हातरुमालाने ओठ टिपले आणि त्याही उभ्या राहिल्या.

आमदाराने डोळे मोठे केले. "तू कशाला?"

"ताईंचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. मग ताईकडे झुकून, ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "साखरबंदी पुन्हा आली की तुम्ही माझ्या बाजूने उभं राहायचं हं. मुलांनी गोड खाल्लं नाही तर मी काय नुसतं आ करा म्हणत बसू?"

ताईने मान हलवली. राजकारण आपल्यालाही जमायला लागलं की काय, या विचाराने तिला थोडी भीतीही वाटली. तिने दाजींकडे पाहिलं. दाजी सूपमधे काहीतरी शोधत होते.

"अहो."

"मोठ्या शाळेला नवे बाक लागतील गं," ते वाटीकडे बघत म्हणाले. "उंच. शिडीसकट. माझ्याकडे माणसं बसून आहेत."

"मग त्यांना बसवा, तुम्ही उठा."

दाजी उठले नाहीत.

दोन बायका उभ्या, तीन पुरुष बसलेले, आणि स्टुलावर आत्या, जिला सभापती म्हणून मत नव्हतं. सूप निवलं. भात निवला. आत्याने सगळ्यांच्या ताटात बटाटे वाढले आणि उभ्या असलेल्यांच्याही वाढले, पण उभ्याने खायचं नाही हाही नियम होता. ताईच्या डाव्या गुडघ्यात कुणीतरी बारीक खिळा ठोकायला लागलं. पलीकडे आमदार बायकोच्या कानाशी लागला. ताईला शब्द ऐकू आले नाहीत, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी कडक, मग विचारी, मग अगदी माहेरच्यासारखा मऊ झाला.

"कायमची मागे?" त्यांनी विचारलं.

"कायमची. चॉकलेटसकट."

डॉक्टरीणबाई बसल्या. "सॉरी हं, ताई," त्या म्हणाल्या. "टाचा दुखायला लागल्या."

आता ती एकटी होती. आत्याने डाव उचलला नाही, पण तो हाताशी ओढला. एकटा विरोध फार काळ टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा असताना, हा नियम नव्हता तेव्हाही, टेलिव्हिजन घ्यायच्या प्रश्नावर ते दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एकटे उभे राहिले होते आणि शेवटी टेलिव्हिजनवरच्या बातम्या बघायलाच बसले होते.

ताईने राखून ठेवलेला पत्ता टाकला.

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "विलीनीकरणाला विरोध सोडते. पण एक ओळ घाला. कुठलीही शाळा बंद करायची तर आधी त्या शाळेत शिकलेल्या, हयात असलेल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याची राजीखुशीने संमती घ्यावी."

तिच्या डोळ्यांपुढे डेपोजवळचे घड्याळवाले आजोबा होते. दरवर्षी शाळा सुरू होताना ते यायचे, पहिलीच्या वर्गाच्या भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि मुलांना पेन्सिली वाटायचे. जीव गेला तरी ते होकार देणार नव्हते.

आमदाराने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. ताईला तो उजेड लहानपणापासून माहीत होता. आरशासमोर भाषण करताना पडायचा तो.

"थरथरता हात," तो म्हणाला. "पांढरे केस. शेजारी मी. आपली शाळा म्हातारा विद्यार्थी स्वतःच्या हाताने नव्या पिढीला सोपवतोय. फोटो पहिल्या पानावर. ताई, तू राजकारणात यायला हवं होतंस." त्याने खिशातून पेन काढून कागदाच्या मधल्या मोकळ्या जागेत ती ओळ स्वतःच लिहिली. "आता बस."

ताई बसली. डाव आपटला. दुरुस्तीसह मंजूर. तिने बटाट्याचा पहिला घास घेतला. थंड होता, तरी गोड लागला.

"मग ते संमतीचं आत्ताच उरकून टाकू," आत्या म्हणाली.

"आत्या, तो विद्यार्थी आधी शोधावा लागेल," आमदार म्हणाला. "जाहिरात देऊ, कमिटी नेमू."

"शोधायचं काय त्यात. मी बसलेय की इथे."

धाकट्याचा चमचा वाटीत पडला.

"तू तर हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत होतीस ना?" धाकट्याने विचारलं.

"असं मी सांगायचे."

"पण घड्याळवाले आजोबा..." ताईने हातातला घास ताटात ठेवला.

"तो? तो माझ्या मागच्या वर्गात. त्याचं नाक पुसायला माझी बाही लागायची. हल्ली भिंतीला हात लावून रडतो म्हणे. तेव्हा त्याच भिंतीवर नाक पुसायचा."

आपण खोदलेली विहीर, आपणच तिच्यात उडी घेतलेली, आणि वर काठावर आत्या बसलेली.

"त्या शाळेने मला चौथीत ठेवलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज बाजारभाव सांगावा इतका सपाट होता. "माझ्याबरोबरच्या पुढे गेल्या, मला ठेवलं. पुढच्या वर्षी मागच्या आल्या, त्याही पुढे गेल्या. मास्तर म्हणाले, हिला बाकाची सवय झालीये. सगळा वर्ग हसला. मग एक दिवस मी गेलेच नाही, आणि कुणी विचारायलाही आलं नाही. ती इमारत पडली तरी मला रडू येणार नाही."

आमदाराचा चेहरा फुलला. "म्हणजे संमती."

"देते. पण आधी माझी चौथी पास करा. नापास बाईची संमती घेतलीस म्हणून उद्या तुला हसतील, आणि मला त्याच्याआधी."

"एवढंच ना. ताई, दाखला देऊन टाक आत्याला. शिक्का पर्समधेच असतो तुझ्या."

"दाखला नको मला." आत्याने डाव खाली ठेवला. "परीक्षा घे."

हे ती ताईला म्हणाली. ताईने तिच्याकडे पाहिलं. सगळ्या घराला चळाचळा कापायला लावणारी बाई, आणि स्टुलाखाली तिचे पाय मात्र एकमेकांना घट्ट चिकटून होते. पहिल्या दिवशी नवी मुलं बसतात तसे.

"घेते," ताई म्हणाली. दुसरं ती काय म्हणणार होती? परीक्षा घे म्हणणाऱ्याला तिने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. "टेबलावर सहा माणसं. भांड्यात चोवीस बटाटे. प्रत्येकाला किती?"

"चार," आत्या म्हणाली. "पण ढब्याला नऊ लागतात. मग राहिले पंधरा, ते पाच जणांत तीन तीन. आज तुझ्या नवऱ्याने एक लपवलाय, तो धरून."

दाजींनी वाटी जरा पुढे सरकवली. वाटीमागे खरोखरच एक बटाटा होता.

भागाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. ताईने पाढे विचारले, आत्याने उलटे म्हणून दाखवले. दिशा, महिने, पावशेर-अर्धा शेर, सगळं बिनचूक. आमदार प्रत्येक उत्तराला टाळी देत होता. ताईला कौतुक वाटत होतं आणि प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर डेपोमागच्या गल्लीतलं कुलूप गंजताना दिसत होतं. अवघड प्रश्न तिला सुचत नव्हते असं नाही. पण चौथीच्या मुलाला ती जे विचारत नाही, ते आत्यालाही विचारायला तिचं तोंड उघडेना.

"राहिलं वाचन," आमदार म्हणाला. "हे घे आत्या, हेच वाच. इतिहास घडतोय."

त्याने विधेयकाचा कागद पुढे केला. आत्याने चष्मा लावला, कागद दोन्ही हातांत धरला, मग डाव्या हातात घेऊन उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि वाचायला लागली. खणखणीत, कुठेही न अडखळता. लहान सरकारी शाळा आसपासच्या मोठ्या शाळेत. आमदाराचे हातवारेसुद्धा तिच्या आवाजात आले होते.

सगळे ऐकत होते. ताई एकटीच बघत होती.

बोट आवाजाच्या पुढे धावत होतं. मग मागे राहिलं. मग ओळ संपायच्या आधीच खालच्या ओळीवर उतरलं. मधल्या जागेत आमदाराने पेनाने लिहिलेली नवी ओळ होती, तिच्यावरून ते बोट अगदी सावकाश, शहाण्यासारखं गेलं, आणि त्या वेळी आत्याच्या तोंडून मात्र इमारती मोकळ्या कराव्यात हे शब्द येत होते. नवी ओळ तिने वाचलीच नाही. ती तिला तीनदा ऐकवलेली नव्हती.

पहिलीतली मुलं असंच वाचतात. धडा पाठ असतो, बोट फिरत असतं, आणि बाई खूश होतील या आशेवर डोळे मधेच वर येतात. ताईने अशी बोटं पाहण्यातच आयुष्य घालवलं होतं. मोठ्याने वाचायचा तो नियम आत्याने का केला होता, ते तिला आत्ता कळलं. औषधाच्या बाटलीवरचं, लग्नाच्या पत्रिकेतलं, बाबांच्या शेवटच्या तारेतलं. डोळे थकलेत, तूच वाच गं. किती वर्षं थकले होते ते डोळे.

"पास," आमदार म्हणाला. "माझ्या पुष्कळ सहकाऱ्यांहून बरं वाचलं. बोल ताई, पास."

आत्याने चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. डोळे मधेच वर येतात तसे.

एक शब्द बोलली असती तर शाळा वाचत होती. ती नवी ओळ वाच म्हटलं असतं की झालं. पण मग या टेबलावर, या सगळ्यांसमोर, पुन्हा एकदा वर्ग हसला असता. हसला नसता तरी गप्प झाला असता, आणि ते जास्त वाईट. आणि पास म्हटलं तर लगेच संमतीवर सही. ताईला वाटलं, आपण बसलेलो असूनही गुडघे दुखतायत.

मग ती उठून उभी राहिली.

"वाचन ठीक," ती म्हणाली. "पण मी कुणाला एका दिवसाच्या परीक्षेवर पास करत नाही. माझ्या शाळेत वर्षभराची हजेरी लागते. आत्याची चौथीची हजेरी अपुरी आहे. पूर्ण करावी लागेल."

"वर्षभर?" आमदारही उठला. "अगं, अधिवेशन पुढच्या आठवड्यात आहे."

"मग अधिवेशन वर्षभर चालवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं काम आता झालं होतं, त्यामुळे त्यांना सत्याची बाजू घेणं परवडत होतं.

"ठीक आहे, ताईची शाळा राहू दे. सुरुवात दुसऱ्या कुठल्या शाळेपासून करू."

"सुरुवात घरापासून," आत्या म्हणाली. "तू मुलाखतीत सांगितलंयस. ही पहिली, हिच्यापाठोपाठ बाकीच्या. पहिली झाल्याशिवाय दुसरी कशी होईल? मोजायला शिकवलं नाही का तुला कुणी?"

"आत्या, माझा याला विरोध आहे."

"असू दे. मग उभे राहा, सन्माननीय सदस्य. मला घाई नाही." आणि तिने भांड्यातले उरलेले बटाटे त्याच्या ताटात वाढले. मोजून नऊ.

आमदार उभा राहिला. तत्त्वाचा माणूस होता. त्याने छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, संविधान, लोकशाही आणि पोट या विषयांवर थोडं बोलला. दाजींनी मान खाली घालून जेवण संपवलं. धाकट्याने विचारलं की चौथीच्या वर्गात येणाऱ्या आत्याला बसचं पूर्ण तिकीट की अर्धं. फळं कापून आली तेव्हा आमदार बसला.

डाव आपटला.

*

आत्या ताई-दाजींना फाटकापर्यंत सोडायला आली. दाजी पुढे जाऊन गाडी काढत होते. आज त्यांना बरंच काही ऐकायचं होतं आणि ते माहीत असल्यासारखे ते गाडी फार सावकाश काढत होते.

"घंटा किती वाजता होते?" आत्याने विचारलं.

"अजून तीच वेळ आहे."

"दप्तर-बिप्तर मी आणणार नाही, सांगून ठेवते. आणि प्रार्थनेला रांगेत उभी राहणार नाही."

"नको राहूस."

"मागे बसेन मी. भिंतीला टेकून. पोरांना त्रास नको."

"पुढे बसावं लागेल, आत्या," ताई म्हणाली. "मला तुझं बोट दिसलं पाहिजे."

आत्या वाकली आणि फाटकाशी इकडे तिकडे बराच वेळ आपल्या चपला शोधत राहिली. चपला तिच्या पायातच होत्या.